फियाटची रॅक बदलली, पुन्हा बदलली, हिसका तोच: रॅक विकत घेण्याआधी काय मोजायचं

आधी लक्षणं सांगतो, तुमच्या गाडीशी जुळतात का बघा. गुळगुळीत रस्त्यावर गाडी सरळ चालते. पण डावं चाक खड्ड्यात उतरलं की ती उजवीकडे ओढते आणि तेच चाक खड्ड्याच्या काठावर चढलं की डावीकडे हिसका मारते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं असलं तरी. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढली की गाडी क्षणभर पोहल्यासारखी होते. घाटातल्या वळणावर गाडी कलली की वळण अर्ध्यात असताना स्टिअरिंग पुन्हा दुरुस्त करावं लागतं. अलाइनमेंटवाला दर वेळी "साहेब, सगळं हिरव्यात आहे" म्हणतो आणि ते खरंच हिरव्यात असतं.

हे सगळं जुळत असेल, आणि गाडीला जुना स्टिअरिंग बॉक्स काढून रॅक (स्टिअरिंग फिरवलं की आडवा सरकून चाकं वळवणारा दातेरी दांडा) बसवलेली असेल, तर पुढचं वाचा. अलाइनमेंटला आणखी पैसे घालू नका. ते मशीन उभ्या गाडीचं एका उंचीवरचं माप घेतं आणि तुमचा बिघाड चाक वर-खाली होतानाचा आहे. त्याला बम्प स्टिअर म्हणतात: सस्पेन्शन हललं की स्टिअरिंगला हात न लावता चाक स्वतःच वळतं.

माझी गाडी १९८३ ची पद्मिनी, म्हणजे सगळे जिला फियाट म्हणतात ती, वडिलांनी घेतलेली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या या गाड्यांना पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वर एक, खाली एक असे दोन झुलते हात) आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे, आणि स्टिअरिंगला वर्मचा बॉक्स. बॉक्समधून एक मधला रॉड, त्याच्या दुसऱ्या टोकाला आयडलर (नुसता आधार देणारा झुलता हात) आणि दोन्ही बाजूंना चाकांकडे जाणारे टाय रॉड. मी तिच्यात दुसरं इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स घातला (आरसीवर चढवून घेतलंय, तो वेगळाच किस्सा आहे), पुढे डिस्क लावल्या, स्प्रिंग थोड्या कापून गाडी बसकी केली. नवीन इंजिनाचा चेंबर (खालची ऑइलची टाकी) नेमका मधल्या रॉडवर आला. म्हणून रॅक. ज्यांचं इंजिन मूळचंच आहे आणि फक्त स्टिअरिंगला प्ले (ढिलेपणा) आलाय म्हणून रॅक बसवायची आहे, त्यांना माझं स्पष्ट मत आधीच सांगतो: बसवू नका. बॉक्सची बेअरिंग, आयडलरचे बुश आणि सगळे टाय रॉड एंड नवीन केले की मूळचं स्टिअरिंग या गाडीला भरपूर आहे. शिवाय हँडगिअर असेल तर गिअरचे रॉड स्टिअरिंग कॉलमच्याच अंगाखांद्यावर असतात. कॉलम कापायला घेतला की गिअर आधी बिघडतात.

पहिली रॅक

पहिली रॅक मी सगळे निवडतात तशीच निवडली. गाडीच्या डाव्या टाय रॉड एंडपासून उजव्यापर्यंत टेप लावला, ते माप घेऊन भंगार बाजारात गेलो आणि त्या लांबीला जवळची, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची, एका हॅचबॅकची रॅक उचलली. लांबी जुळली, मिस्त्री खूश, मी खूश. मिस्त्रींनी क्रॉसमेंबरच्या (पुढच्या आडव्या तुळईच्या) मागे चेंबरखाली मोकळी जागा दिसली तिथे ब्रॅकेट वेल्ड केले. गाडी संध्याकाळी घरी चालत आली.

दुसऱ्या दिवशी गगनबावड्याच्या रस्त्याला गेलो आणि वर लिहिलेलं सगळं एकेक करून भेटलं.

मिस्त्री म्हणाले, रॅक जुनी, भंगारातली, आत झिजलेली असणार. पटलं. त्याच मॉडेलची नवीन रॅक आणली. हिसका तसाच. मग कोणीतरी सांगितलं की स्टिअरिंग हलकं आहे म्हणून असं होतं, कोणी सांगितलं जड आहे म्हणून. मी कॉलमवरची इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगची मोटर बसवली. त्यानं झालं काय, तर हिसका हाताला कमी कळू लागला आणि गाडी मात्र तितकीच पळू लागली. म्हणजे दुखण्यावर बाम चोळला. पाच महिन्यांत दोन टाय रॉड एंड गेले आणि पुढच्या टायरांच्या आतल्या कडा साफ झाल्या.

चूक काय होती ते उद्यमनगरातल्या एका लेथवाल्यांनी एका प्रश्नात दाखवून दिली. त्यांनी रॅक हातातही घेतली नाही. विचारलं, "विशबोन आत जिथं झुलतंय, तिथून ही किती आत-बाहेर आहे?" मला उत्तर देता आलं नाही.

खरी लांबी आतल्या दोन गोळ्यांची

चाक वर जातं तेव्हा विशबोनचं बाहेरचं टोक एका वर्तुळाच्या तुकड्यावरून फिरतं. टाय रॉडचं बाहेरचं टोकही वर्तुळावरूनच फिरतं, पण त्याचं केंद्र वेगळं असतं: रॅकच्या टोकाचा आतला बॉल जॉइंट, ज्याला बाजारात रॅक एंड म्हणतात. हे दोन्ही एकमेकांशी जुळून फिरले तर चाक सरळ राहतं. नाही जुळले तर टाय रॉड चाकाच्या आर्मला (चाक वळवणाऱ्या हाताला) ओढतो किंवा ढकलतो.

त्यामुळे रॅकची बाहेरून बाहेर लांबी हे जवळजवळ निरुपयोगी माप आहे. बाहेरची लांबी टाय रॉड बदलून कितीही करता येते. न बदलणारं माप म्हणजे रॅक एंडच्या दोन गोळ्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर. भंगारवाल्याकडे टोकाचं रबरी आवरण, म्हणजे बूट, मागे सरकवून हेच मोजायचं.

ते किती हवं? गाडीसमोर बसा. डाव्या बाजूच्या खालच्या विशबोनच्या आतल्या बोल्टच्या मध्यातून वरच्या विशबोनच्या आतल्या बोल्टच्या मध्यापर्यंत मनातल्या मनात एक रेघ ओढा. रॅकचा आतला गोळा या रेघेवर यायला हवा. उदाहरण घेऊ, आकडे फक्त समजण्यापुरते: समजा खालच्या दोन बोल्टमधलं अंतर ६०० मिमी, वरच्या दोन बोल्टमधलं ७०० मिमी, आणि खालचा बोल्ट ते वरचा बोल्ट उंची २०० मिमी. तुमची रॅक खालच्या बोल्टपेक्षा ५० मिमी वर बसणार असेल, म्हणजे उंचीच्या एक चतुर्थांशावर, तर दोन गोळ्यांमधलं अंतर ६०० अधिक १०० चा एक चतुर्थांश, म्हणजे ६२५ मिमी हवं. तुमच्या गाडीचे आकडे तुम्ही ओळंबा सोडून घ्या. मी जमिनीवर खडूनं खुणा केल्या आणि त्या मोजल्या. गाडीखाली झोपून टेप वाकडा धरण्यापेक्षा हे पुष्कळ अचूक येतं.

दुसरी अट टाय रॉडच्या रोखाची. वरचं आणि खालचं विशबोन ज्या रेषेत आहेत त्या रेषा वाढवल्या तर त्या कुठेतरी एकमेकींना मिळतात. टाय रॉडची रेषाही वाढवल्यावर त्याच बिंदूकडे गेली पाहिजे. म्हणूनच गाडी बसकी केली की हिशेब पुन्हा करावा लागतो, कारण विशबोनचे कोन बदललेले असतात. माझ्या कापलेल्या स्प्रिंगांनी इथं आपला वाटा उचललाच होता.

आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, वरचं विशबोनच नसतं. त्यांची रॅक त्यांच्या हिशेबाने बेतलेली असते, ती आपल्या डबल विशबोनला आपसूक जुळेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. जुळली तर तो योगायोग.

उंची की लांबी, कोण जास्त छळतं

मला वाटत होतं की लांबीच मुख्य गुन्हेगार. कागदावर मांडल्यावर उलटं निघालं आणि या सगळ्या प्रकरणात मी शिकलो ते हेच.

टाय रॉड ३०० मिमी, चाकाचा आर्म १२० मिमी आणि चाक ५० मिमी वर गेलं असं धरा. टाय रॉड हवा त्यापेक्षा ४० मिमी आखूड असेल (म्हणजे ३४० हवा होता) तर आर्म साधारण अर्धा मिमी ओढला जातो. पण रॅकची उंची फक्त ५ मिमी चुकली तर आर्म ०.८ मिमीपेक्षा जास्त सरकतो. आणि २० मिमी चुकली तर ३.३ मिमी, म्हणजे चाक दीड अंशाहून जास्त वळतं. आपण टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा किंचित आत वळलेल्या असणं) लावताना एकेका मिमीसाठी वाद घालतो आणि वेल्डर मात्र ब्रॅकेट नजरेच्या अंदाजाने २० मिमी खाली लावून मोकळा होतो!

म्हणून रॅक निवडताना पहिला प्रश्न लांबीचा नाही. ही रॅक हव्या त्या उंचीवर बसू शकते का, हा पहिला प्रश्न. चेंबर, क्रॉसमेंबर, गिअरबॉक्सची घंटा, एग्झॉस्ट या सगळ्यांतून तिला वाट हवी.

मोजायची पद्धत

गाडी पक्क्या स्टँडवर. पुढच्या स्प्रिंगा काढायच्या, कारण स्प्रिंग असताना चाक हाताने वर-खाली होत नाही. कॉइल स्प्रिंगला कॉम्प्रेसर लावल्याशिवाय हात लावू नका; दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात तुटतो, हे अलंकारिक नाही. शॉक अॅब्सॉर्बरही सोडवा. रॅक अगदी मध्यावर आणून स्टिअरिंग बांधून ठेवा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेऱ्या मोजायच्या आणि निम्म्यावर थांबायचं.

हबला एक सरळ पट्टी बोल्टने आवळा आणि तिच्यावर लेझर पेन असा बांधा की उजेडाचा ठिपका समोर ३ मीटरवर ठेवलेल्या पांढऱ्या फळीवर पडेल. ३ मीटरवर १ अंश म्हणजे ५२ मिमी, त्यामुळे बारीक वळणही डोळ्यांना दिसतं. आता जॅकने हब १० मिमीच्या टप्प्यांनी वर न्या, ५० मिमीपर्यंत, मग मूळ जागेवर आणून तसंच खाली ५० मिमीपर्यंत. ठिपका वर-खाली होणारच, ते सोडा. आडवा किती सरकतो ते फळीवर खुणा करून लिहा. चाक वर जाताना हब स्वतःही किंचित आत-बाहेर सरकतो, तेवढं फूटपट्टीने मोजून वजा करा.

माझ्या पहिल्या रॅकवर डाव्या चाकाचे आकडे असे आले: ५० मिमी वर नेल्यावर ठिपका ९५ मिमी बाहेर, म्हणजे टो-आउट. ५० मिमी खाली नेल्यावर ७१ मिमी आत, म्हणजे टो-इन.

याचा अर्थ लावायची युक्ती अशी. दोन्ही दिशांना चाक एकाच बाजूला वळत असेल तर दोष लांबीत. वर जाताना एकीकडे आणि खाली जाताना दुसरीकडे वळत असेल तर दोष उंचीत. दोन्ही दोष एकत्र असतील तर आकडे असमान येतात, माझ्यासारखे. बाहेरचं अधिक, आतलं उणे धरा: अधिक ९५ आणि उणे ७१. त्यांची सरासरी १२, हा लांबीचा वाटा. उरलेले ८३ उंचीचे. वरच्या हिशेबात ३ मीटरवर ४० मिमी लांबीची चूक १२ मिमीच्या आसपास आणि २० मिमी उंचीची चूक ८३ च्या आसपास दाखवते. म्हणजे माझी रॅक दर बाजूला ४० मिमी जास्त रुंद होती आणि २० मिमी खाली बसली होती. टेपने पडताळलं तर तेच. त्या दिवशी पहिल्यांदा या गाडीनं माझं ऐकलं असं वाटलं.

दिशा ओळखायची ती अशी: रॅक चाकांच्या मध्याच्या मागे असेल, आणि चाक वर जाताना टो-आउट, खाली जाताना टो-इन होत असेल, तर रॅक वर घ्यायची. उलट होत असेल तर खाली घ्यायची. दोन्हीकडे टो-आउट म्हणजे टाय रॉड आखूड, रॅक जास्त रुंद. दोन्हीकडे टो-इन म्हणजे टाय रॉड लांब, रॅक अरुंद. रॅक चाकांच्या मध्याच्या पुढे असेल तर हे सगळं उलटं वाचा.

तिसरी रॅक कशी निवडली

आता मला तीन गोष्टी माहीत होत्या: गोळ्यांमधलं अंतर, रॅकची उंची, आणि त्या उंचीवर चेंबरखाली उरणारी जागा. त्या घेऊन पुन्हा बाजारात गेलो. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. नाव दिलं की लोक मोजमाप सोडून तेच उचलतात, आणि तुमचं इंजिन, तुमची उंची वेगळी असते.

नेमक्या अंतराची रॅक मिळेलच असं नाही. मिळाली नाही तर अरुंद घ्या, रुंद घेऊ नका. अरुंद रॅकला दांडा आणि रॅक एंड यांच्यामध्ये आट्यांचा तुकडा टाकून रुंद करता येतं. रुंद रॅक अरुंद करायची तर दांडा कापून पुन्हा आटे पाडावे लागतात, आणि वरून कडक केलेल्या दांड्यावर तसलं काम स्टिअरिंगमध्ये मी कुणालाही करू देणार नाही. माझी रॅक हव्या मापापेक्षा ४४ मिमी अरुंद होती. लेथवर दर बाजूला २२ मिमीचे तुकडे करून घेतले. चांगल्या पोलादाचे, आटे आत पुरेसे खोल (आट्याच्या जाडीच्या किमान दीडपट) आणि मूळ जोडाला होतं तसं कुलूप लावून. बूट तेवढा ताणला जातो, तो दोन्ही टोकांना फिरवून बघा.

मग रॅक बसायची पद्धत. काही रॅकला बिडाचे कान अंगचेच असतात, ते जिथे आहेत तिथेच बोल्ट मारावा लागतो. काहींची नळी गोल असते आणि रबराच्या बुशवर पट्ट्यांनी आवळलेली असते. आपल्या कामाला दुसरी बरी, कारण ती आडवी सरकवता येते, उंचीला पॅकिंग देता येतं. माझ्या पहिल्या दोन्ही रॅक कानवाल्या होत्या आणि तिथंच अर्धं गाडं अडलं होतं. नवीन रॅक नळीला सडपातळ, त्यामुळे चेंबरखाली १४ मिमी वर सरकली. उरलेले ६ मिमी इंजिनाच्या माउंटिंगखाली पॅकिंग टाकून मिळवले.

फिरण्याची दिशा भंगारवाल्याच्या दारातच तपासा. रॅक गाडीत बसेल तशी धरा, पिनियन (दांड्याला सरकवणारं दातेरी चाक) ड्रायव्हरच्या बाजूने उजवीकडे फिरवा. चाकांच्या मागे बसणार असेल तर दांडा डावीकडे गेला पाहिजे, पुढे बसणार असेल तर उजवीकडे. हे न बघता पुढची रॅक मागे बसवणारे लोक आहेत. इचलकरंजीच्या एका मित्राने गाडी शेडमधून उलटी काढताना भिंतीला लावली, तेव्हा कळलं.

दांडा एकूण किती सरकतो तेही मोजा. १४० मिमी सरकत असेल तर मध्यापासून ७० मिमी. आर्म १२० मिमी असेल तर चाक साधारण ३५ अंश वळेल, आर्म १५० मिमी असेल तर २८ अंशच, आणि मग गल्लीत गाडी वळवायला दोनदा रिव्हर्स मारावा लागेल. १४० मिमी साडेतीन फेऱ्यांत म्हणजे एका फेरीला ४० मिमी. १२० च्या आर्मवर गुणोत्तर साधारण १९ ला १ येतं. सुमारे ९०० किलोच्या पद्मिनीला मूळच्या बारीक टायरवर हे हाताने सहज पेलतं. रुंद टायर घातले असतील तर गाडी पार्क करताना हात भरून येतील, पण तो रॅकचा दोष नव्हे.

पॉवर स्टिअरिंगची हायड्रॉलिक रॅक पंपाशिवाय बसवू नका. आतली सीलं ओढ धरतात आणि व्हॉल्व्हमधला टॉर्शन बार प्रत्येक वळणाला थोडा पिळतो, हाताला रबरी वाटतं. साधी मॅन्युअल रॅक शोधा.

बसवताना पुन्हा पुन्हा होणाऱ्या चुका

टाय रॉड एंड वारंवार का जात होते, त्याचं कारण रॅक नव्हतंच. आर्मच्या भोकाचा टेपर (निमुळतेपणा) आणि नवीन एंडच्या दांड्याचा टेपर वेगळा होता. नट आवळल्यावर घट्ट वाटतं, पण दांडा भोकात फक्त एका कडेवर टेकलेला असतो. दर खड्ड्याला तो डुलतो आणि भोक मोठं करतो. दांड्याला मार्करची शाई लावा, भोकात घालून थोडं फिरवा, काढून बघा. शाई सगळीकडून सारखी पुसली गेली पाहिजे. नाहीतर योग्य टेपरचा रीमर किंवा बुश. शाई कुठं पुसली ते बघायला दोन मिनिटं लागतात, मला पाच महिने लागले.

कॉलम ते रॅक जोडताना एकच युनिव्हर्सल जॉइंट मोठ्या कोनात लावू नका. ३० अंशांच्या एका जॉइंटमध्ये रॅककडचा वेग एका फेरीत दोनदा सुमारे १५ टक्के वाढतो आणि दोनदा सुमारे १३ टक्के कमी होतो. हाताला स्टिअरिंग जड-हलकं-जड लागतं आणि लोक त्याला रॅक अडकते म्हणतात. दोन जॉइंट, जवळपास सारखे कोन, आणि मधल्या दांड्याच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत. तीन जॉइंट लागले तर मध्ये बेअरिंगचा आधार हवाच. स्प्लाइन (शाफ्टवरचे उभे दाते) जुळत नाहीत म्हणून शाफ्ट वेल्ड करू नका, जुळणारा कपलर मिळतो. आर्म तापवून वाकवणं तर नाहीच.

वापरलेल्या रॅकला मध्यावर प्ले असतो आणि मिस्त्री लगेच मागचा अॅडजस्टिंग नट आवळतात. रॅक नेहमी मध्यावरच जास्त झिजते, कारण आयुष्यभर ती तिथंच चालते. मध्यावरचा प्ले जाईपर्यंत आवळलं की टोकांना ती अडकते आणि वळण घेतल्यावर स्टिअरिंग परत येत नाही. आवळण्याआधी दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा. मध्यावर प्ले आणि टोकांना घट्ट, अशी रॅक दुकानदाराला परत द्या.

ज्यांना रॅक घालायचीच नाही

अँबॅसेडरवाल्यांना ही सगळी मोजामोज बहुतेक लागत नाही. ती गाडी मॉरिस ऑक्सफर्डवरून आली आणि तिच्यात रॅक मुळातच आहे, तिच्या सस्पेन्शनला बेतलेली. तिथे मूळची रॅक दुरुस्त करा, दुसरीकडची शोधू नका. जुन्या जीपवाल्यांनी तर रॅकचा विचारच सोडावा. अख्खा अॅक्सल एकत्र वर-खाली होतो आणि चासीवरची रॅक जागेवर राहते. प्रत्येक उंचवट्यावर टाय रॉड अॅक्सलला ढकलणारच.

आणखी एक बाजू कागदाची. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात ठेवलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए अक्षरं येतात. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही. म्हणजे १९७४-७५ ची चांगली पद्मिनी हातात असेल तर क्रॉसमेंबरला कटर लावण्याआधी एक रात्र झोपून विचार करा. माझी गाडी तशीही त्या रांगेतून बाहेर गेलीय. तरी तिसऱ्या वेळी मी ब्रॅकेट वेल्ड न करता जुन्या भोकांत बोल्ट मारूनच बसवले. उंची चुकली तर पॅकिंग बदलता येतं, हा त्याचा खरा फायदा.

आताचे आकडे

तिसरी रॅक बसल्यावर त्याच फळीवर: ५० मिमी वर ३ मिमी, ५० मिमी खाली ४ मिमी. उजव्या चाकाला ५ आणि ४. इथे थांबलो, याच्यापुढे बुशमधला प्लेच जास्त आहे. इलेक्ट्रिक मोटर काढून ठेवली. पन्हाळ्याच्या रस्त्यावर वळणात स्टिअरिंग एकदा लावलं की लावलेलं राहतं, आणि ओळखीच्या खड्ड्यांवर आता फक्त आवाज येतो.

पाचशे किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासले. रॅकच्या डाव्या पट्टीचा एक बोल्ट पाव फेरी ढिला मिळाला. पट्टीखाली ब्रॅकेटचा रंग राहिला होता, तो दबून जागा झाली. रंग खरवडून, नवीन नायलॉक नट घालून पुन्हा आवळलाय आणि नट-बोल्टवर पिवळ्या रंगाची रेघ ओढून ठेवलीय. रविवारी गाडी धुताना तेवढी रेघ जुळते का बघतो.